पणजोबांची पलटण

आमच्या दप्तरदार घराण्यात एक शूर सैनिक होऊन गेला, हे आम्हाला फोटोवरून माहीत होतं.

फोटोशिवाय दुसरा पुरावा नव्हता. पूर्वज संस्थानाचे कागद सांभाळायला दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले आणि त्यांच्या वंशजांनी तेव्हापासून कागदांखेरीज काही सांभाळलेलं नाही. आजोबा तहसिलीत, वडील बँकेत, धाकटा भाऊ अविनाश विम्यात आणि मी शाळेत भूमिती शिकवून निवृत्त. घरातलं सगळ्यात घातक शस्त्र म्हणजे विळी, आणि तीही आई गेल्यापासून बोथट. पण शिंदे की छावनीतल्या आमच्या घराच्या बैठकीत शिरलात की समोर पणजोबा! फौजी कोट, कमरेला पट्टा, पट्ट्याला बक्कल, मिशांना पीळ. शेजारी खुर्चीवर नऊवारीतली पणजी बसलेली, आणि पणजोबांचा हात चक्क पणजीच्या खांद्यावर. त्या काळात! (यावरून आमचं घराणं किती पुढारलेलं होतं हे आम्ही पाहुण्यांना आजवर सांगत आलो.)

या पणजीचं आमच्याकडे प्रस्थ मोठं. ती आजोबा लहान असतानाच अहेवपणी गेली, म्हणून लग्नकार्यात पहिलं हळदकुंकू तिच्या फोटोला. रोज संध्याकाळी दिवा पणजीला, नवी सून आली की पहिला नमस्कार पणजीला, हिरवा खण पणजीला, आणि पितृपक्षात अविधवा नवमीला पणजीच्या नावानं सवाष्ण जेवायला. सवाष्णही ठरलेली, समोरच्या मोहित्यांची काकू. पुरणपोळी खाऊन तृप्त होऊन ती फोटोला म्हणायची, "माई, असाच आशीर्वाद असू द्या."

शिवाय मी. मी म्हणजे पणजीचं तंतोतंत रूप, असं माझ्या बारशापासून ठरलेलं. "नाक बघा, नाक!" असं म्हणून कुमुद आत्या मला पाहायला आलेल्या स्थळांना आधी फोटोसमोर उभं करायची आणि मग माझ्यासमोर. एकही स्थळ परत आलं नाही. आत्या म्हणायची, "त्यांना खानदानी सौंदर्य झेपलं नाही."

ही आत्या आमच्याकडेच असते. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून पंचविशीतला. लहानपणापासून तिची एकच इच्छा राहून गेली होती. आमच्या भागातला गणपती फौजेतल्या लोकांनी सुरू केलेला, त्यामुळे पहिल्या संध्याकाळच्या आरतीचा मान फौजी घराण्यांचा. पाळीपाळीनं ते तबक धरतात. आम्ही दप्तरवाले मागे उभे राहून टाळ्या वाजवणार. मोहित्यांची पाळी आली की आत्या टाळ्या जरा कमीच जोरात वाजवायची. "आमचा आजोबा काय पुजाऱ्याचा कोट घालून उभा आहे का?" हा तिचा सवाल दरवर्षीचा. यंदा मात्र तिच्या गुडघ्यांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षी जिना उतरणं काही जमणार नाही.

आणि नेमकं यंदाच मंडळानं ठरवलं की मांडवात फौजी पूर्वजांची एक भिंत करायची. मोठे फोटो, खाली नाव आणि पलटण. ज्याचं नाव भिंतीवर, त्याचं घराणं आरतीच्या पाळीत. अट एकच, नुसतं 'फौजेत होते' चालणार नाही, पलटण लिहायला पाहिजे.

"वसुधा," आत्या म्हणाली, "तू एवढी भूमिती शिकवलीस. पलटण शोध."

भूमितीचा आणि पलटणीचा संबंध मी विचारला नाही. आत्याला विचारायचं नसतं. मी फोटोचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या चुलतभावानं मिशांवरून तोफखाना ठरवला. इंदूरच्या काकूनं उंचीवरून राजवाड्याचे खासे पहारेकरी ठरवले. (पणजोबा उभे होते आणि पणजी बसलेली, त्यामुळे ते उंच वाटत होते, हे तिला कोण सांगणार?) नागपूरच्या मामानं फक्त नमस्काराचे हात पाठवले आणि खाली गुडघेदुखीवरचा उपाय.

शेवटी अवीनं मोबाइलवर फोटो ताणताणून मोठा केला आणि ओरडला, "ताई, इधर आ! बकलवर काहीतरी जनावर आहे!"

होतं. धूसर होतं, पण चार पाय दिसत होते.

"घोडा!" आत्या म्हणाली. "मी सांगत नव्हते? रिसाला!"

झालं. त्या क्षणापासून आम्ही घोडेस्वारांचे वंशज झालो. आत्यानं दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, दवाखान्यात रक्त तपासायला गेली तर तिथेही सांगितलं. अवी स्कूटर सुरू करताना उगाच टाच मारायला लागला. मीसुद्धा भाजी आणायला जाताना पाठ ताठ ठेवू लागले. माणसाला रक्ताची जाणीव झाली की असं होतं.

मग आत्यानं मोहिते काकांना चहाला बोलावलं. चहा निमित्त होता, जळवायचं होतं. मोहिते काका सरळ माणूस. त्यांचे आजोबा खरोखर फौजेत होते, पण घरात त्यांचा एकही फोटो नाही. होता तो एका पावसाळ्यात गळक्या छपराखाली गेला, काकांच्या जन्माच्याही आधी. मांडवातल्या भिंतीवर त्यांच्या नावाची चौकट रिकामीच लागणार होती. हे माहीत असूनही आत्यानं फोटो त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बघा, आमचा घोडेस्वार."

काकांनी भिंग मागितलं. बक्कल पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, हा घोडा नाहीये."

"मग काय आहे?"

"खच्चर आहे."

आत्यानं त्यांच्या हातातून भिंग काढून घेतलं.

"मोहिते," आत्या म्हणाली, "तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय ना अजून?"

"झालं की ताई. दोन्हींचं झालं."

काका उठून घरी गेले आणि देवघरातून एक पितळी बक्कल घेऊन आले. त्यांच्या आजोबांचं, घरात उरलेली एकच वस्तू. त्यावर जनावर होतं आणि त्याचे कान, आता काय सांगू, घोड्याला असे कान असते तर घोड्याला लोक घोडा म्हणाले नसते.

अवीनं दोन्ही बक्कलं ताडून पाहिली. "अरे यार आत्या, ये तो सच में खच्चर है!"

"वाहतूक पलटण," काका म्हणाले. "आमचे आजोबा तिच्यातच होते. मतलब आपले दोघांचे पूर्वज एकाच पलटणीतले निघाले, ताई!" त्यांना मनापासून आनंद झाला होता.

आत्याला झाला नव्हता. "दप्तरदारांचा पुरुष खेचरं हाकत होता?"

आता काकांचा चेहरा उतरला. "असं नका बोलू ताई. फौज उपाशी लढत नाही. दाणागोटा, दारूगोळा, औषधं, सगळं खच्चरच नेऊन राहिलं होतं. आमचे आजोबा त्यांच्याबरोबर बोटीत चढून पहिल्या महायुद्धाला गेले. जाताना नवा पट्टा मिळाला, म्हणून हे जुनं बक्कल घरी राहिलं. बक्कल राहिलं, माणूस नाही आला परत. वडील तेव्हा पाळण्यात होते. त्यांनी बापाचं तोंड पाहिलं ते पावसात गेलेल्या त्या फोटोतच, आणि मी तर तेही नाही."

मग आत्यानं स्वतः उठून, गुडघ्यांना न जुमानता, काकांसाठी आलं घालून दुसरा चहा केला. ते गेल्यावर ती फोटोकडे बघून म्हणाली, "खच्चर तर खच्चर. पलटण ती पलटण."

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला कळलं की घोडा काय, कोणीही पाळतं. डोंगर चढायचा तर खच्चरच लागतं.

फोटो मोठा करायला मी कंपू भागातल्या एका दुकानात नेला. निघण्याआधी पणजीला रीतसर हळदकुंकू लावलं. दुकानदारानं फ्रेम हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "मैडम, ये काँच तो हटाना पड़ेगा. इस पे तो सिंदूर की पूरी खदान है."

खरंच होतं. चार पिढ्यांच्या बायकांनी लावलेलं कुंकू काचेवर थिजून दगड झालं होतं. कपाळापासून सुरू झालेलं ते नाकाच्या कडेनं ओघळत ओघळत पणजीच्या हातापर्यंत पोचलं होतं. त्यानं काच काढून फोटो मशीनमध्ये घातला. "एकदम साफ आएगा," म्हणाला. मी खूश झाले. फोटो साफ आला तर काय होतं, याचा मला तोवर अनुभव नव्हता.

चतुर्थीच्या संध्याकाळी आम्ही सगळे मांडवात. आत्या ठेवणीतल्या जरीकाठी साडीत, पहिल्या रांगेत, खुर्चीवर. यंदाची पाळी मोहित्यांची होती, पण आमचं नाव पाळीत लागलं हे पाहायलाच ती जिना उतरली होती. फोटो माणसाहून मोठा झाला होता. खाली पाटी: 'बळवंतराव दप्तरदार, वाहतूक पलटण.' शेजारी मोहित्यांची रिकामी चौकट, तिला झेंडूचा हार. काका खिशातून बक्कल काढून त्या चौकटीत टांगायला आले होते.

मी अभिमानानं फोटो पाहत होते, आणि माझ्यातल्या भूमितीच्या बाईला पहिली खोट दिसली. पणजोबांच्या कोटाच्या बाह्या फार लांब होत्या. बोटांची फक्त टोकं बाहेर. पट्टा कमरेला जवळजवळ दोन वेढे घालून आला होता.

"फौजेत देतात ना एकाच मापाचे," अवी पुटपुटला.

तेवढ्यात मोहिते काका बक्कल हातात धरून फोटोच्या अगदी जवळ गेले. "ताई, हा बघा कोपऱ्यातला पोचा. आमच्या बकलला इथेच आहे. बिलकुल असाच."

"एकाच साच्यातली असणार," आत्या म्हणाली.

"साच्यात पोचा नसतो, ताई. हा तर खच्चराच्या लाथेचा आहे. वडील सांगायचे."

आता लोक जमायला लागले. आरतीची वेळ झाली होती, पण गणपतीकडे कुणाची पाठ आहे याचं भान कुणाला नव्हतं. फोटोत पणजी-पणजोबांच्या मागे एक बाग आहे, बागेत कारंजं आहे, कारंजावर मोर आहे. ती आमच्या पूर्वजांची बाग, असं आम्ही धरून चाललो होतो. मोराचा पिसारा एकाच बाजूला होता, तो फोटो कडेनं कापला गेल्यामुळे, असंही धरून चाललो होतो. आता मोठ्या फोटोत दिसलं की फोटो कापलेला नाही, मोरच अर्धा आहे. आणि बागेच्या खाली बांबू आहे.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर आपला मोर!"

सगळे वळले. गणपतीच्या मागे दरवर्षी मंडळाचा जुना नाटकाचा पडदा लावतात. परंपरा म्हणून. कारंजं, कारंजावर मोर, पिसारा एकाच बाजूला. (चिताऱ्याचा रंग संपला होता म्हणतात.) आम्ही जन्मभर त्या मोरासमोर टाळ्या वाजवल्या होत्या आणि जन्मभर तोच मोर घरी पाहिला होता. एकदाही डोक्यात आलं नव्हतं!

"म्हणजे," अवी सावकाश म्हणाला, "पणजोबा नाटकात फौजी झाले होते?"

आत्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला. घोडा गेला तेव्हा हळहळलो होतो, आता खच्चरही चाललं होतं! पण मांडवातली म्हातारी मंडळी पणजोबांकडे बघत नव्हतीच. त्या काळी गणपतीच्या नाटकात बायका काम करत नसत, हे त्या पिढीला सांगावं लागत नाही. सगळ्यांची नजर खुर्चीत बसलेल्या, पदर सावरलेल्या, माझ्यासारखं नाक असलेल्या माझ्या पणजीवर गेली होती.

मोहिते काका तिच्या हातासमोर उभे होते. ज्या मनगटावर चार पिढ्यांचं कुंकू साचलं होतं, ते मनगट आता लख्ख दिसत होतं. चांगलं भक्कम मनगट. त्यावर गोंदलेला मारुती, हातात गदा, शेपूट वर.

"मारुती," काका म्हणाले. "आमच्या आजोबांच्या उजव्या मनगटावर होता. तालमीतले होते ते. गणपतीच्या नाटकात बाईचं काम करायचे. वडिलांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि म्हणाले, बाहेर बोलू नकोस, फौजी माणूस, लोक हसतील."

"मग ही..." आत्यानं बोट दाखवलं, "ही आमची आजी..."

"आजी नाही, ताई. नाईक हणमंतराव मोहिते."

मांडवात कुणी हसलं नाही. हसू नंतर आलं. पहिली बोलली ती मोहिते काकू. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच आजेसासऱ्यांच्या नावानं सवाष्ण जेवून राहिले होते?"

मग मात्र मांडव कोसळायचा तेवढा राहिला. अवी खाली बसला. त्याची बायको, जिनं लग्न होऊन आल्याबरोबर पणजीसमोर वाकून अखंड सौभाग्य मागितलं होतं, ती तोंडात पदर कोंबून खांबामागे गेली. सगळं जागच्या जागी बसत गेलं. कोट मोहित्यांचा होता, म्हणून बाह्या लांब. खांद्यावरचा हात पुढारलेल्या नवऱ्याचा नव्हता, मित्राचा होता. एकानं आपला कोट दिला, दुसऱ्यानं बहुधा घरातली नऊवारी आणि नथ आणून दिली. (म्हणजे खरी पणजी फोटोत होती, पण साडीपुरती.)

मोहिते काका हसत नव्हते. ते हात जोडून फोटोसमोर उभे होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आजोबा," ते म्हणाले, "असे भेटलात!"

खरं सांगते, मलाही रडू आलं. माणसानं जन्मभर ज्याचं तोंड पाहिलं नाही, तो शेवटी दिसावा आणि तो नथ घालून दिसावा, यावर हसावं की रडावं ते कळेना. मी दोन्ही केलं.

फोटो रिकाम्या चौकटीत गेला. आमची पाटी निघाली. आत्या ताठ बसून होती, पण तिच्या जरीच्या साडीकडे बघवेना. ती अवीला म्हणाली, "चल, घरी सोड मला. गुडघा दुखतोय."

एवढ्यात मोहिते काका तबक घेऊन तिच्यासमोर आले. आरती पेटवलेली होती.

"ताई, धरा."

"आम्ही फौजी नाही, मोहिते. आमचा माणूस तुमचा कोट घालून उभा राहिला, एवढंच. तुमचा मान आहे, तुम्ही धरा."

"ताई, आमचा माणूस लढाईत हरवला, तो तुमच्या भिंतीवर सापडला. आमच्या घरात त्याच्यासमोर एकदा दिवा लागला नाही. तुम्ही रोज लावला. हळदकुंकू लावलं, खण दिला, त्याच्या नावानं जेवण घातलं. फौजी घराण्यानं याच्याहून जास्त काय करायचं असतं?"

आत्यानं तबक धरलं. तबक जड होतं, म्हणून एका बाजूनं काकांनी धरलं आणि मी तिच्या कोपराला हात दिला. आवाज मात्र पंचविशीतला! असा लागला की मागचे टाळ्या चुकले. अर्धा मोर समोर होता, आणि आत्या त्याच्याकडे बघूनही हसली.

आता भिंतीवरच्या पाटीवर असं आहे: 'नाईक हणमंतराव मोहिते, वाहतूक पलटण (बसलेले, साडीत). शेजारी: त्यांचा कोट सांभाळणारे बळवंतराव दप्तरदार.' सांभाळण्याचं काम आमच्या घराण्यानं सोडलं नाही, हे अवीनं लक्षात आणून दिलं. पितृपक्षात खऱ्या पणजीच्या नावानं आम्ही सुपारी मांडली आणि सवाष्ण म्हणून मोहिते काकूच जेवली. काका बरोबर आले होते. जेवण झाल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे निरखून बघत होते.

"वसुधा बेटा," ते म्हणाले, "एक बोलू? तुझं नाक अगदी आमच्या आजोबांसारखं आहे."

माझी स्थळं परत का येत नव्हती, ते मला त्या दिवशी कळलं. एवढा शोध घेऊन आमच्या घराण्यात वाहतूक पलटणीचं असं शेवटी तेवढं एक नाक निघालं.